सांडपाणी प्रक्रिया केंद्र नदी-खाडीला नक्की वाचवतं कसं? (कोकणापुरतं बोलू)

पऱ्याकाठ

कोकणातल्या बहुतेक लहान शहरांत मैलापाण्याचा रस्ता ठरलेला आहे. घराची सेप्टिक टाकी, तिचा ओव्हरफ्लो उघड्या गटारात, गटार पऱ्यात (लहान ओढ्यात), पऱ्या नदीत आणि नदी खाडीत. न्हाणीघराचं आणि मोरीचं पाणी तर टाकीतही जात नाही, थेट गटारात. आता ठिकठिकाणी पऱ्याच्या तोंडाशी बांध घालून ते पाणी अडवायचं, पंपाने प्रक्रिया केंद्रात न्यायचं आणि स्वच्छ करून नदीत सोडायचं, असे प्रस्ताव येत आहेत. हरकती-सूचना मागवल्या की लोक "वास येईल" इथेच थांबतात. खरे प्रश्न वेगळे आहेत, म्हणून हा धागा.

आधी हिशोब मांडतो. ४०,००० वस्तीचं शहर धरा. माणशी रोज १३५ लिटर पुरवठा, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे माणशी १०८ लिटर. एकूण ४३ लाख २० हजार लिटर, म्हणजे ४.३२ दशलक्ष लिटर रोज. डिझाइनला माणशी २७ ग्रॅम बीओडी धरतात. म्हणजे रोज १०८० किलो बीओडी, किंवा लिटरला २५० मिलिग्रॅम. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा प्राणवायू ओढून घेतील तेवढा. ही ओढाताण टाकीत, ब्लोअरच्या (हवा फुंकणाऱ्या यंत्राच्या) हवेवर झाली तर ठीक. तीच नदीत झाली तर माशांच्या वाट्याचा प्राणवायू जातो. केंद्र नदीला वाचवतं ते एवढ्याच अर्थाने: नदीत होणारं कुजणं आधीच भिंतीआड उरकून घेतं.

उधाणभरती

चांगला धागा. एक भर घालतो, कारण नुसते केंद्राचे आकडे बघून नदीचं भलं-बुरं कळत नाही. नदीत त्या महिन्यात पाणी किती, हे बघावं लागतं.

३० अंशाला गोड्या पाण्यात प्राणवायू जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच विरघळतो. माशांसाठी निदान ४ हवा, आंघोळीच्या पाण्याच्या निकषात ५ हवा आणि बीओडी ३ च्या आत. म्हणजे एप्रिल-मेमध्ये नदीकडे मुळात शिल्लकच कमी असते. समजा, मे महिन्यात नदीला सेकंदाला १०० लिटर पाणी आहे, दिवसाला ८.६४ दशलक्ष लिटर, आणि तिचा स्वतःचा बीओडी २ आहे. वर दिलेलं ४.३२ दशलक्ष लिटर त्यात कच्चं सोडलं तर मिसळलेल्या पाण्याचा बीओडी ८५ च्या आसपास जातो. ३० पर्यंत साफ करून सोडलं तर ११. १० पर्यंत साफ केलं तर पावणेपाच. ५ पर्यंत उतरवलं तरच ३ वर येतं.

ही आकडेवारी सगळ्या नद्यांना सारखी लागू नाही. वाशिष्ठीला कोयनेचं अवजल (वीज तयार करून सोडलेलं पाणी) मिळतं, त्यामुळे चिपळूणजवळ तिला उन्हाळ्यातही प्रवाह असतो. काजळीसारख्या नदीला तो आधार नाही. तिथे मे महिन्यात कोंडींत (डोहांत) साठलेलं पाणी हीच नदी. अशा ठिकाणी उत्तम साफ केलेलं पाणीही सोडायला नको, ते फेब्रुवारी ते मे बागांना, बांधकामाला, रस्त्यावरच्या झाडांना द्यावं. हरकत घ्यायची तर या मुद्द्यावर घ्या: सर्वांत कमी प्रवाहाच्या महिन्यातला मिसळणीचा हिशोब अहवालात आहे का?

चिरेखाण

मानकांबद्दल. १३ ऑक्टोबर २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरं सोडून इतर ठिकाणी बीओडी ३०, निलंबित घन पदार्थ १०० आणि १०० मिलीत फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतले जिवाणू) १००० च्या आत, असं आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात बीओडी १०, घन पदार्थ २०, एकूण नायट्रोजन १०, फॉस्फरस १ आणि कोलिफॉर्म २३० च्या आत, असं कडक करून सांगितलं. उधाणभरती यांचा हिशोब बघितल्यावर ३० चं मानक कोकणातल्या आटत्या नद्यांना कसं पुरत नाही, ते वेगळं सांगायला नको. निविदा १० वरच निघावी, आणि अमोनियाचा आकडा वेगळा लिहिलेला असावा.

दुसरं: २५० बीओडी धरून टाकी बांधू नका. आपल्या गटारांतलं पाणी सेप्टिक टाकीतून गाळ बसून आलेलं असतं, शिवाय त्यात झऱ्यांचं पाणी मिसळतं. ते बरंच पातळ असतं. २५० वर बांधलेल्या टाकीत जिवाणूंना खायलाच पुरत नाही, गाळ तयार होत नाही, आणि मग शेणाच्या गाड्या ओतून "प्लांट चालू करण्याचा" प्रयोग होतो. बांधण्याआधी प्रत्येक पऱ्याचं चोवीस तासांचं मिश्र नमुन्याचं परीक्षण तीन ऋतूंत करा. एका बाटलीवर डिझाइन होत नाही.

सुरंगी

पऱ्याच्या तोंडाशी बांध घालणार म्हणता, पण पावसाळ्यात काय? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस, तोही चार महिन्यांत.

पऱ्याकाठ

सुरंगीताई, इथेच बहुतेक योजना अडखळतात. अडवणुकीच्या बांधावर एक सांडवा असतो. कोरड्या दिवसांतल्या प्रवाहाच्या साधारण दुप्पट-तिप्पट पाणी पंपाकडे वळतं, त्याहून जास्त झालं की सांडव्यावरून नदीत जातं. जुलैत ते चालतं, कारण तेव्हा पाणी पातळ असतं आणि नदीही भरलेली असते. सर्वांत वाईट दिवस म्हणजे मृगाचा पहिला मोठा पाऊस. आठ महिने गटाराच्या तळाशी बसलेला काळा गाळ एका तासात उठतो आणि सांडव्यावरून आटलेल्या नदीत पडतो. जूनच्या सुरुवातीला डोहात मासे वर येऊन मरतात ते बऱ्याचदा याच दिवशी. उपाय साधा आहे: मेच्या १५ तारखेआधी गटारं आणि पऱ्याचं तोंड उपसून तो गाळ बाहेर न्यायचा. काठावर ढीग लावून ठेवायचा नाही, नाहीतर तोच परत आत जातो.

केंद्राच्या आत पावसाळ्यात दोन गोष्टी होतात. एक, लाल माती. जांभ्याच्या उतारावरून आलेली चिकण माती आणि वाळू. जाड जाळी २० ते २५ मिलीमीटरची, बारीक ६ ची, त्यानंतर वाळू बसण्याची टाकी. तिच्यात पाण्याचा वेग सेकंदाला ०.३ मीटरच्या आसपास राहिला तर वाळू बसते आणि मैला पुढे जातो. वेग वाढला की वाळू सरळ हवेच्या टाकीत, डिफ्यूजरवर (हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या तळाच्या नळ्यांवर). पावसाळ्यात वाळू रोज काढायची, कोरड्या दिवसांचं वेळापत्रक तेव्हा चालत नाही. दोन, जाळीत काय अडकतं ते कोकणचं आहे: नारळाची सोडणं, काथ्या, झावळ्यांचे तुकडे, भाद्रपदात निर्माल्य. काथ्याचा दोर पंपाच्या पात्याला गुंडाळला की मोटर जळते. म्हणून जाळीच्या आधी पऱ्यातच एक ढोबळ लोखंडी गज बसवा, तिथे माणूस उभा राहून कोयत्याने काढू शकेल असा कठडा ठेवा.

तिसऱ्या_मुळे

खाडीच्या बाजूने लिहिते. नदीचं पाणी चवीला गोडं लागतं तिथपर्यंतच चर्चा थांबते, पण आपल्या बहुतेक शहरांचं सांडपाणी शेवटी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पडतं. तिथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसऱ्या, कालवं, मुळे हे पाणी गाळून खाणारे जीव. पाण्यातले जिवाणू आणि विषाणू त्यांच्या अंगात साठतात. त्यामुळे बीओडी कितीही छान आला आणि निर्जंतुकीकरण धड नसलं, तर खाडीत उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचा माल लोकांना आजारी पाडू शकतो. खाडीसाठी कोलिफॉर्मचा आकडा बीओडीइतकाच महत्त्वाचा.

दुसरं, अमोनिया. पीएच ७ ला आणि ३० अंशाला अमोनियाचा जेमतेम पाऊण-एक टक्का भाग माशांना विषारी असलेल्या मोकळ्या रूपात असतो. खाडीच्या पाण्याचा पीएच ८ च्या जवळ. तिथे तोच भाग साडेसात टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे नदीत खपलेला अमोनिया खाडीत गेल्यावर जवळपास दसपट बोचतो.

तिसरं, पाणी परत येतं. भरतीच्या वेळी सोडलेलं पाणी वर चढतं, खाजणात आणि कांदळवनात शिरतं, सहा तासांनी खाली येतं. भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीत फरक कमी असतो तेव्हा) तर ते पुरतं बाहेर जातच नाही. सोडायचं असेल तर ओहोटी लागल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार तासांत सोडा. त्यासाठी साठवण टाकी लागते: ४.३२ दशलक्ष लिटरच्या केंद्राला तासाला १८० घनमीटर, सोडणं बंद असलेल्या नऊएक तासांचे १६२० घनमीटर. ही टाकी खर्च वाचवायला पहिली कापली जाते, तिला हात लावू देऊ नका. पाइपाचं तोंडही चिखलाच्या सपाटीवर नको, ओहोटीतही पाणी असलेल्या मधल्या ओघात हवं.

उधाणभरती

+१. आणि तोंडावरची एकदिशा झडप. कालवं आणि गाळ बसून ती अर्धी उघडी अडकते, मग उधाणाला खाडीचं पाणी उलट चेंबरमध्ये शिरतं. लोखंडी पल्ल्याऐवजी रबरी चोचीची झडप जास्त टिकते, तरी महिन्यातून एकदा ओहोटीला जाऊन खरवडावी लागतेच.

खारं पाणी आणखी एका वाटेने येतं: खाडीच्या पातळीला असलेली जुनी गटारं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं, म्हणजे नुसतं पाच टक्के पाणी शिरलं तरी केंद्रात साडेनऊशेची भर. जिवाणू स्थिर खारेपणाला जुळवून घेतात, पण दिवसातून दोनदा वर-खाली झालं की गठ्ठे फुटतात आणि बाहेरचं पाणी गढूळ होतं. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याचा वास येतो आणि काँक्रीटचं छत आतून पोखरतं. पंपघरात विद्युतवाहकतेचा साधा मीटर लावा आणि दर तासाला नोंद करा. आकडा भरतीच्या वेळापत्रकाबरोबर नाचत असेल तर कुठल्या पऱ्यात गळती आहे ते दोन दिवसांत सापडतं. क्लोराइड २००० च्या वर गेलं तर नेहमीची सीओडी चाचणी (घाणीची प्राणवायूची मागणी रसायनांनी मोजणारी) खोटं जास्त दाखवते, हेही प्रयोगशाळेला सांगून ठेवा.

निवळी

हवेच्या टाकीबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही, म्हणून लिहिते. हा केंद्राचा जीव आहे.

आता बहुतेक ठिकाणी एसबीआर बसवतात: एकाच टाकीत पाणी भरणं, हवा देणं, गाळ बसू देणं आणि वरचं निवळ पाणी काढणं. टाकीत जिवाणूंचा तपकिरी गाळ असतो, लिटरला ३,००० ते ५,००० मिलिग्रॅम. प्राणवायू २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवायचा. कमी पडला तर धाग्यांसारखे जिवाणू माजतात आणि गाळ बसत नाही. चार-पाच ठेवला तर वीज फुकट जाते.

रोजची तपासणी एका लिटरच्या काचेच्या नळकांड्यात होते. हवा चालू असताना टाकीतलं पाणी भरा, अर्धा तास हलवू नका, गाळ किती मिलीवर बसला ते वाचा. ३५० मिली आला आणि गाळाची घनता ३,५०० असेल तर निर्देशांक १००, उत्तम. तोच १५० च्या वर गेला की गाळ फुगतोय. कोकणात तो फुगण्याचा हंगाम ठरलेला असतो: एप्रिल ते जून, आंबा कॅनिंगच्या धुण्याचं पाणी. साखर आणि आम्ल भरपूर, नायट्रोजन जवळजवळ नाही. त्याच सुमारास मासळी बाजाराचं रक्ताचं पाणी उलट नायट्रोजनने भरलेलं येतं. दोन्ही ठिकाणी वेगळी टाकी हवी. कॅनिंगवाल्यांनी चुना घालून पीएच साडेसहाच्या वर आणून दिवसभर थोडं थोडं सोडावं, बाजाराने खवले-आतडी जाळीवर अडवून उचलावी. हे केंद्राच्या दारात आल्यावर सुधारता येत नाही.

आता कोकणात हमखास चुकणारी गोष्ट: क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. अमोनियाचं नायट्रेट करताना दर मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला ७.१४ मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. ३० मिलिग्रॅम काढायचा तर २१४ लागली. देशावरच्या जड पाण्यात ती असते. आपलं जांभ्यातलं पाणी मृदू, त्यात ती मुळातच थोडी. मग होतं असं: सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया छान उतरतो, मग पीएच साडेसहाच्या खाली घसरतो, नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात, अमोनिया परत वर. ऑपरेटर हवा वाढवतो, कारण पुस्तकात तसं लिहिलेलं असतं, आणि त्याने काहीच होत नाही. खरा उपाय: भरताना पहिला तासभर हवा बंद ठेवून नुसतं ढवळायचं. त्यात नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन उडून जातो आणि निम्मी क्षारता, दर मिलिग्रॅमला ३.५७, परत मिळते. तरीही बाहेरच्या पाण्यात ७५ च्या खाली राहिली तर चुना किंवा सोडा घालावा. क्षारता आठवड्यातून दोनदा तपासा. ब्युरेट, ठरावीक ताकदीचं आम्ल आणि दोन थेंब निर्देशक एवढंच लागतं.

चिरेखाण

निवळीताईंचा क्षारतेचा मुद्दा प्रत्येक निविदेत जायला हवा. मी गाळाचं सांगतो.

वरचाच हिशोब धरला तर रोज १०८० किलो बीओडी येणार आणि १० च्या मानकाने ४३ किलो बाहेर जाणार. मधल्या हजारेक किलोचा काही भाग वायू झाला, बाकीचा जिवाणूंच्या अंगात. म्हणजे रोज ८०० किलोच्या घरात कोरडा गाळ काढावाच लागतो. टाकीतून काढताना तो पातळ असतो, शंभर घनमीटर भरतो. सेंट्रिफ्यूज किंवा स्क्रू प्रेसमधून दाबून २० टक्के घन केला तर चार टन, म्हणजे रोज एक लहान ट्रक. गाळ काढला नाही तर तो टाकीत साठतो आणि एके दिवशी निवळ पाण्याबरोबर नदीत जातो. पावसाळ्यात उघडे वाळवणीचे वाफे कोकणात निरुपयोगी आहेत. छप्पर तरी हवं, नाहीतर यंत्र.

म्हणून केंद्र खरंच चालतं का हे नागरिकाला बघायचं असेल तर मीटरच्या पडद्याकडे बघू नका. गाळाची नोंदवही मागा: महिन्यात किती ट्रक गेले आणि कुठे. मग वीजबिल मागा. दशलक्ष लिटरला २०० युनिट धरले तर वरच्या शहराचं केंद्र महिन्याला २६,००० युनिटच्या आसपास खाईल. बिल सहा हजार युनिटचं असेल तर ब्लोअर बंद आहेत.

सुरंगी

विजेवरून आठवलं. जून-जुलैत झाड पडलं की दिवसदिवस वीज नसते. तेव्हा?

निवळी

जनरेटर हवाच, पण पूर्ण केंद्रासाठी नाही: कच्च्या पाण्याचा एक पंप, एक ब्लोअर आणि निवळ पाणी काढणारं यंत्र. हवेशिवाय गाळ काही तास तग धरतो, दिवसभर गेला की काळा पडून कुजायला लागतो. वीज आल्यावर आधी हवा, गाळ परत तपकिरी होईपर्यंत. मग पाणी भरा. पहिल्या फेरीचं पाणी बाहेर सोडू नका, उलट आत घ्या.

आणि पूर. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडमध्ये पाणी कुठपर्यंत चढलं त्याच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. विद्युत पॅनेल, ब्लोअर आणि क्लोरीनचा साठा त्या रेषेच्या वर हवा. टाक्या बुडाल्या तर धुता येतात, पॅनेल बुडालं तर केंद्र काही महिने बंद.

खाजणवाट

थोडा विरोधी सूर. १०-१५ हजार वस्तीच्या, डोंगर-उतारावर पसरलेल्या गावांना एवढं केंद्र परवडणार नाही. तिथे सेप्टिक टाक्याच नीट कराव्यात. दर तीन वर्षांनी ठरलेल्या वेळापत्रकाने सगळ्यांच्या टाक्या उपसायच्या आणि तो मैला वेगळ्या लहान केंद्रात न्यायचा. वाई आणि सिन्नरने २०१८ पासून असं वेळापत्रक चालवून दाखवलं आहे. कोकणात बहुतेक टाक्या तुंबल्याशिवाय उघडतच नाहीत, आणि उपसा गाडी रात्री कुठे रिकामी होते ते सगळ्यांना माहीत आहे.

पऱ्याकाठ

टाक्या उपसणं हवंच, पण त्याने अर्धंच काम होतं. उपसलेल्या टाकीतूनही वर निघणारं पाणी जिवाणूंनी भरलेलंच असतं. ते शोषखड्ड्यात जायला हवं आणि तो विहिरीपासून निदान १८ मीटर लांब. आपल्या वाड्यांत एवढी जागा नसते, शिवाय जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात विहिरीचं पाणी हाताला लागतं. मोरीचं पाणी तर टाकीत येतच नाही. त्यामुळे दाट बाजारपेठेपुरतं केंद्र, उतारावरच्या वाड्यांना वेळापत्रकाने उपसा, असं दोन्ही. आणि उपसा गाडीचा मैला थेट केंद्राच्या टाकीत ओतू नका. एका गाडीत शेकडो घरांच्या एका दिवसाच्या सांडपाण्याएवढी घाण असू शकते. वेगळ्या टाकीत घेऊन थोडा थोडा सोडा.

तिसऱ्या_मुळे

निर्जंतुकीकरण राहिलं. क्लोरीन लिटरला ३ ते ५ मिलिग्रॅम आणि अर्धा तास संपर्क, हे सगळ्यांना पाठ आहे. चूक अर्ध्या तासात होते. टाकी सरासरी प्रवाहावर, १८० घनमीटरला ९० घनमीटरची बांधतात. पण एसबीआर पाणी सरासरीने सोडत नाही. निवळ पाणी काढताना प्रवाह तिप्पट, ५४० घनमीटर असेल तर त्या ९० च्या टाकीत पाणी फक्त दहा मिनिटं थांबतं. टाकी २७० ची हवी, आत आडव्या-उभ्या भिंती घालून पाणी नागमोडी फिरवलेलं.

हायपोक्लोराइट उन्हात ठेवलं की जोर जातो, ब्लीचिंग पावडर आपल्या दमट हवेत तर आणखी लवकर. दर आठवड्याला साठ्याची ताकद तपासून मगच मात्रा ठरवा. आणि उरलेला क्लोरीन खाडीत जाऊ देऊ नका, कल्ल्यांना तो फार थोड्या प्रमाणातही जाळतो. सोडण्याआधी सोडियम बायसल्फाइट, क्लोरीनच्या साधारण दीडपट. ही मात्राही पंपाने, हाताने बादली ओतून नाही.

सुरंगी

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: आमच्या बाजूला खाडीतला नमुना घ्यायचा तर कुठे, कधी?

उधाणभरती

तीन जागा: पाइपाच्या वर, प्रवाहाच्या उलट दिशेने दोनेकशे मीटर, तोंडाशी, आणि खाली पाचेकशे मीटर. वेळ ओहोटीचा शेवटचा तास, म्हणजे समुद्राच्या पाण्याने आकडा सुंदर दिसत नाही. प्राणवायूचा नमुना पहाटे सूर्योदयाआधी, तेव्हा तो सर्वांत कमी असतो. सकाळी अकराला घेतलेला नमुना शेवाळाने दिलेल्या प्राणवायूमुळे फसवतो. एकाच दिवशी दोन्ही हवे असतील तर पंचांगात अशी तिथी शोधा की ओहोटीचा शेवट पहाटे येतो. कोलिफॉर्मची बाटली निर्जंतुक, बर्फात, सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत. तोंडाशी क्लोरीन असेल तर बाटलीत आधी थायोसल्फेट घातलेलं हवं, नाहीतर जिवाणू वाटेतच मरतात आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो. खारेपणाचा मीटर बरोबर न्या आणि प्रत्येक बाटलीवर वेळेसोबत तो आकडाही लिहा.